वेग, अंतर आणि एककांचा घोळ: गाडी शिकणाऱ्यांचे आणि रोज चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात मी गाडी शिकवते. पहिली बॅच सकाळी साडेसहाला सुरू होते, कारण आठनंतर तीन हात नाक्यावर नवख्या माणसाला क्लच सोडायलाही उसंत मिळत नाही. शिकणाऱ्यांचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवते. गिअरबद्दलचे प्रश्न चार दिवसांत संपतात. वेगाबद्दलचे मात्र लायसन्स मिळाल्यावरही येत राहतात, आणि वीस वर्षं गाडी चालवणारे काकाही तेच विचारतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

काट्यावर ६० दिसतंय, म्हणजे नक्की काय?

गाडी याच वेगानं तासभर चालत राहिली तर ६० किलोमीटर जाईल, एवढाच त्याचा अर्थ. पण ठाण्यात सलग तासभर ६०ने कोण जातं? रस्त्यावर जे काही घडतं ते सेकंदात घडतं. म्हणून ‘ताशी’चा आकडा ‘सेकंदाला किती मीटर’ असा वाचायची सवय लावा. त्यासाठी ३.६ने भागायचं. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, ७२ म्हणजे २०. ६०ला उत्तर येतं साधारण १७ मीटर आणि १००ला जवळजवळ २८.

तोंडी करायचं असेल तर आकड्याचा पाव भाग घ्या आणि त्यात त्याचाच दहावा हिस्सा मिळवा. ६०चा पाव १५, त्यात दीड मिळवला की साडेसोळा. रस्त्यावरच्या अंदाजाला तेवढं पुरतं.

पहिल्या दिवशी मी शिकणाऱ्याला गाडीत बसवतच नाही. गल्लीत खडूनं एक रेघ मारते आणि तिथून मोठ्या ढांगांनी सतरा पावलं चालायला लावते. मग मागे वळून रेघेकडे बघायला सांगते. बहुतेकांच्या तोंडून “एवढं?” असंच निघतं. ६०च्या वेगात हे एवढं अंतर एका सेकंदात मागे पडतं, म्हणजे ‘अगं, कुत्रा!’ म्हणायला लागतो तेवढ्या वेळात. मोबाइलवर मेसेज कुणाचा आला हे बघायला तीन सेकंद लागले, तर तुम्ही पन्नास मीटर डोळे मिटून गेलात.

६० आणि ८० यांत फरक फक्त २०चाच ना?

या एका प्रश्नासाठी मी अख्खा तास देते.

गाडी थांबायला दोन टप्पे लागतात. आधी धोका डोळ्याला दिसतो, मेंदूला कळतो आणि पाय ब्रेकवर जातो. सावध माणसालाही यात साधारण एक सेकंद जातो, आणि तोवर गाडी त्याच वेगानं पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचं अंतर. पहिलं अंतर वेगाच्या पटीत वाढतं, दुसरं वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ६०चे ८० म्हणजे वेग सव्वापटीहून थोडा जास्त, पण ब्रेकचं अंतर पावणेदोन पट.

आता आकडे घ्या. रस्ता कोरडा, टायर बरे. ६०ने जाताना पहिल्या सेकंदात १७ मीटर आणि ब्रेकमध्ये सुमारे २०, मिळून ३७ मीटर. ८०ने जाताना २२ आणि ३६, मिळून ५८. मोठी टीएमटी बस साधारण १२ मीटर लांब असते. म्हणजे एक गाडी तीन बसच्या अंतरात थांबली, दुसरीला जवळजवळ पाच बस लागल्या.

समजा दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून चालल्या आहेत, एक ६०ने आणि दुसरी ८०ने. पुढे ३७ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं आणि दोघांना ते एकाच क्षणी दिसलं. ६०ची गाडी मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते. ८०ची गाडी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? वर्गात विचारलं की लोक २० सांगतात, फार तर ३०. हिशेब केला तर उत्तर येतं ६०च्या थोडं वर. पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथून दुसरी अजून ६०ने पुढे जाते आहे. विश्वास बसत नसेल तर आकडेमोड स्वतः करून बघा. मीही तीनदा केली होती.

पावसात ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते. ब्रेकचं अंतर दीडपट, पावणेदोन पट सहज होतं. ८०ला थांबायला मग ८५ मीटर लागू शकतात, म्हणजे सात बस.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैमध्ये घोडबंदर रोडनं गायमुखच्या उतारावर मी ६०ने चालले होते. पुढे कंटेनर होता, मधे दोन गाड्यांएवढी जागा. आई शेजारी बसली होती. कंटेनरचे मागचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडी सरकतच राहिली. ती थांबली तेव्हा बॉनेट आणि कंटेनरचा लोखंडी दांडा यांच्यात हातभर जागा होती. आई काही बोलली नाही, तिनं फक्त डॅशबोर्डवर टेकवलेला हात काढून मांडीवर ठेवला. त्या दिवशी वाचले ते डावीकडे चिखलाची मोकळी पट्टी होती आणि गाडी तिकडे वळली म्हणून. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा समजलं की ओल्या रस्त्यावर मला पन्नास मीटर हवे होते आणि मी ठेवले होते जेमतेम दहा.

मग पुढच्या गाडीपासून किती मीटर अंतर ठेवायचं?

मीटर मोजू नका, सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा पुलाच्या सांध्यापाशी पोचली की मनात म्हणायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन म्हणून होण्याआधीच तुमची गाडी त्या खांबापाशी पोचली, तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात हीच मोजणी सहापर्यंत न्या. वेग वाढला की तीन सेकंदांतलं अंतर आपोआप वाढतं, म्हणून ही पद्धत ४०लाही चालते आणि १००लाही.

एवढं अंतर ठेवलं तर रिक्षा मधे घुसते, त्याचं काय?

घुसते, खरं आहे. कापूरबावडीला तर हमखास. ॲक्सिलरेटर थोडा सोडा आणि पुन्हा अंतर करून घ्या. प्रत्येक वेळी तुमचे दोन-तीन सेकंद जातात. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत दहा रिक्षा घुसल्या तरी अर्धा मिनिट.

पण जोरात गेलं तर वेळ वाचतोच की?

वाचतो, पण किती ते मोजा. वाशी ते बेलापूर पाम बीच रोड साधारण १० किलोमीटर धरू. ६०ने दहा मिनिटं, ८०ने साडेसात. वाचली अडीच मिनिटं, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. एक सिग्नल लाल मिळाला की त्यातला निम्मा फायदा तिथेच गेला.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि मोटारींना तिथे कमाल १०० आहे. १००ने तेरा मिनिटं लागतात, १२०ने अकरा. या दोन मिनिटांसाठी ब्रेकचं अंतर जवळजवळ दीडपट होतं, आणि खाडीवरच्या वाऱ्यात गाडी हलते ते वेगळंच.

यात एक गंमतशीर वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट आहे. वेग जितका जास्त, तितका तो आणखी वाढवून मिळणारा फायदा कमी. दहा किलोमीटरसाठी २०चे ४० केले तर पंधरा मिनिटं वाचतात. ८०चे १०० केले तर दीडच. म्हणून लवकर पोचायचं असेल तर कोंडीत अडकायचं टाळा, म्हणजे घरून वीस मिनिटं आधी निघा. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून ती भरपाई होत नाही.

जाताना ६०, येताना २०. सरासरी ४०च ना?

नाही, ३०. समजा ऑफिस २० किलोमीटरवर आहे. जाताना २० मिनिटं लागली, येताना तासभर. ४० किलोमीटरला ८० मिनिटं, म्हणजे ताशी ३०. संथ वेगात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. डॅशबोर्डवरची सरासरी २२-२५ दाखवते आणि लोकांना वाटतं मीटर बिघडला. बिघडलेला नाही, ठाणे-बेलापूर रोडवरची संध्याकाळ तशीच असते.

फोन १ तास १५ मिनिटं म्हणतो आणि कॅल्क्युलेटर १.२५. खरं कोणतं?

दोन्ही एकच. तासाचे भाग साठ आणि दशांशाचे शंभर, म्हणून हा गोंधळ होतो. सव्वा तास म्हणजे १.२५ तास आणि १ तास १५ मिनिटं. दीड म्हणजे १.५. पाऊण तास म्हणजे ०.७५. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तयार आहेत, ते वापरले तर चूक होतच नाही. चूक होते ती ‘१.१५’ असं लिहून वेग काढताना. ५० किलोमीटरला सव्वा तास लागला तर वेग ताशी ४०. १.१५ने भागलं तर साडेत्रेचाळीस येतो, आणि तो चुकीचा आहे.

नकाशावर मराठी ठेवलं की ‘मी’ आणि ‘मि’ दिसतं. फरक काय?

दीर्घ ‘मी’ म्हणजे मीटर, ऱ्हस्व ‘मि’ म्हणजे मिनिटं. ‘५०० मी’वर वळायचं म्हणजे ६०च्या वेगात अर्ध्या मिनिटात वळण आलंच. ऐरोली पुलाकडे जायच्या फाट्यावर हे वाचायला उशीर झाला की लोक ऐनवेळी तीन लेन कापतात. चुकलं तर पुढे जाऊन फिरून या. नकाशा मैल दाखवत असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये अंतराचं एकक किलोमीटर करून घ्या.

‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ म्हणजे किती लांब?

वेग सांगितल्याशिवाय याला काही अर्थ नाही. चालत पाच मिनिटं म्हणजे साधारण ४०० मीटर, मोकळ्या रस्त्यावर ४०ने गाडीत पाच मिनिटं म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त. घोडबंदर रोडला घर बघताना आमच्या नात्यातल्या एका कुटुंबानं जाहिरातीतली मिनिटं धरून हिशेब केला, आणि आता मुलाच्या कॉलेजला रोज पाऊण तास आधी निघतात. घर घ्यायच्या आधी एकदा सकाळी नऊ वाजता गाडी काढून तो रस्ता स्वतः मोजा. हवाई अंतरावरही जाऊ नका. पलीकडचे दिवे खाडीवरून दिसतात, पण गाडीला पूल लागतो. पारसिकच्या डोंगराचंही तसंच.

काटा ८० दाखवतो आणि फोन ७५. कुणावर विश्वास ठेवायचा?

वेग स्थिर असेल आणि वर आभाळ मोकळं असेल तर फोन खऱ्याच्या जास्त जवळ असतो. काटा थोडं जास्त दाखवतो, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी. खरा वेग ८० असेल तर काट्यावर ९२ दिसलं तरी ते मर्यादेत बसतं.

पण काट्यात सवलत आहे म्हणून पाय दाबू नका. तुमच्या गाडीचा काटा किती पुढे आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. फोन बोगद्यात चुकतो, उंच इमारतींच्या गल्लीत चुकतो, आणि ब्रेक मारल्यावर क्षणभर जुनाच आकडा दाखवतो.

गाडीला किलोमीटर कळतात कसे?

चाकाचे फेरे मोजून. हे घरच्या पार्किंगमध्ये करून बघण्यासारखं आहे. टायरच्या खालच्या टोकाला खडूची खूण करा, तशीच जमिनीवर करा. गाडी न्यूट्रलला ठेवून कुणाला तरी हळू ढकलायला सांगा. टायरवरची खूण पूर्ण फेरा मारून पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा आणि टेपनं मोजा. माझ्या शिकवायच्या गाडीचं माप आलं १ मीटर ९० सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५२६ फेरे.

टायर झिजला की घेर कमी होतो. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६वर आली की टायर बदलायला हवा. तेवढ्या झिजेनं घेर सुमारे दोन टक्के घटतो, म्हणून १०० किलोमीटर गेलात तर मीटर १०२ दाखवतो. उलट, हौसेनं मोठे टायर बसवले तर काटा कमी दाखवायला लागतो. टायरचा घेर पाच टक्क्यांनी मोठा असेल तर काट्यावर ६० असताना नव्या टायरवर तुम्ही आधीच्यापेक्षा पाच टक्के जोरात, म्हणजे ६३च्या हिशेबानं चाललेले असता. कंपनीनं दिलेली सुरक्षिततेची जागा तुम्हीच खाल्लीत.

टायरवर १६५/८० आर १४ लिहिलंय. ही मापं कसली?

एकाच ओळीत तीन वेगवेगळी मापं आहेत. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ‘आर’ रेडियलचा. शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं ते कमाल वेगाचं: ‘टी’ला ताशी १९०, ‘एच’ला २१०.

हवेचंही असंच. पंक्चरवाला विचारतो “किती टाकू?” आणि आपण म्हणतो “तेहतीस”. ते तेहतीस पीएसआय. गाडीच्या पुस्तकात तेच २.३ बार किंवा साधारण २२८ किलोपास्कल असं असतं. दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर एकदा वाचून आकडा पाठ करून टाका.

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हे सरासरी वेगाबद्दल आहे का?

नाही. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर. युरोपात उलटं बोलतात, १०० किलोमीटरला किती लिटर. तिकडचा आकडा जितका लहान तितकं चांगलं: ५ लिटर म्हणजे आपले लिटरला २०.

सीएनजीवाल्यांचा घोळ आणखी वेगळा. टाकी ६० लिटरची म्हणतात, ते तिच्यात मावणारं पाणी. गॅस भरतो तो किलोत, २०० बारच्या दाबानं, आणि अशा टाकीत आठ-नऊ किलो बसतो. ‘आज प्रेशर कमी आहे’ म्हणतात त्या दिवशी त्याहूनही कमी. पेट्रोलचे लिटरला २० आणि सीएनजीचे किलोला २६ हे समोरासमोर ठेवू नका, कारण एक किलो गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते. किलोमीटरला किती रुपये पडले तेवढंच बघा.

मैल आता कुठे लागतो?

इंग्लंड-अमेरिकेत गाडी भाड्यानं घ्याल तेव्हा. तिथल्या पाटीवर ४० असेल तर ते आपले ६४. सोपी युक्ती: ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ला धावली तेव्हा अंतर २१ मैल मोजलं गेलं, तेच आज आपण ३४ किलोमीटर म्हणतो. रस्त्याकडेचे दगड कधीच किलोमीटरचे झाले, ‘मैलाचा दगड’ शब्द मात्र राहिला. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

वेगाची मर्यादा नक्की किती? कॅमेरा दिसला की हळू केलं तर चालतं ना?

केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेनुसार मोटारींना द्रुतगती मार्गावर कमाल १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि महापालिका हद्दीत ७०. पण ही वरची टोकं आहेत. त्या रस्त्यावर कमी आकड्याची पाटी असेल तर तीच पाळायची. लाल वर्तुळातल्या आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसतं, ते ताशी किलोमीटरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला पहिल्या वेळी १,००० ते २,००० रुपये दंड आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढणारी यंत्रणा आहे. २० किलोमीटर १० मिनिटांत पार केलेत तर सरासरी १२०, मग कॅमेऱ्याखालून तुम्ही कितीही सावकाश गेलेला असा. शिवाय कॅमेरा दिसताच कचकन ब्रेक मारणाऱ्याच्या मागे कुणीतरी दोन गाड्यांचंच अंतर ठेवून येत असतो.

मुलीच्या पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे दिलेत. आपण काय मोजतो?

चाल. काटा फक्त किती जोरात ते सांगतो. वेगात दिशाही येते. बोलताना दोन्हीला वेग म्हटलं तरी बिघडत नाही, परीक्षेत मात्र तिला पुस्तकातलंच लिहू द्या.

जुनी गाडी घेतोय. मीटरवर ४५६३२१ दिसतंय, साडेचार लाख किलोमीटर?

जुन्या यांत्रिक मीटरमध्ये शेवटचा आकडा वेगळ्या रंगात असेल तर तो शंभर-शंभर मीटरचा असतो. मग ते ४५,६३२ किलोमीटर आणि वर १०० मीटर. तरी एवढ्यावर व्यवहार करू नका. गाडी कमी चालली आहे असं सांगतात आणि क्लच-ब्रेकच्या पेडलांचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. मी आधी वाकून पेडल बघते, मग सर्व्हिसच्या पावत्या मागते, आणि मीटर सगळ्यात शेवटी वाचते.